लिंपायची राहिलेली भिंत

टेंभी नाक्यावर देवीच्या मांडवाचे बांबू उतरायला लागले की मला एरंडेलाचा वास येतो. तिथं एरंडेल कुठंच नसतं. असतात ते बांबू, काथ्याच्या दोऱ्या, ताडपत्र्या, अर्धा रस्ता अडल्यामुळे वैतागलेले रिक्षावाले आणि मान वर करून 'यंदा काय बनवतायत?' असं विचारणारे लोक. कोपरीहून कामाला जाताना माझा हाच रस्ता. परवा बांबूंचा पहिला ट्रक दिसला आणि हाताची बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी वाटली. मी ती ओढणीला पुसली. बोटं कोरडीच होती.

भाद्रपदाचे हे शेवटचे दिवस मोठे चमत्कारिक असतात. पाऊस संपलेला असतो, पण गेलेला नसतो. दुपारी कातडी चरचरेल असं ऊन पडतं, चारच्या सुमाराला ढग नुसतेच भरून येतात, आणि संध्याकाळी वारा असा पडतो की दोरीवरचा रुमालसुद्धा हलत नाही. सगळे पंख्याखाली बसून या दिवसांना नावं ठेवतात. मी मात्र तीन वर्षांपूर्वी रोज संध्याकाळी आकाशाकडे बघून वारा पडू दे, असं मागायचे. कारण वारा असला की वाळूमाशी उडत नाही.

वाळूमाशी हे नाव तसं फसवं आहे. तिला वाळू लागत नाही. तिला लागते ओलसर माती, शेण, भिंतीची फट आणि शांतता. डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असते ती, सुकलेल्या गवताच्या रंगाची, अंगभर बारीक केसांची. बसली तरी पंख मिटत नाही, दोन्ही वर उभे धरून ठेवते. गुणगुणत नाही, त्यामुळे आलेली कळत नाही. तिला धड उडताही येत नाही, भिंतीवरून टुणटुण उड्या मारत जाते. दिवसभर अंधाऱ्या फटीत बसायचं, गडबड संपली की बाहेर यायचं, आवाज करायचा नाही. पहिल्यांदा तिला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा मला ती ओळखीची वाटली होती. मी शाळेत साधारण अशीच होते.

पण ती चावते. चावताना काही ठिकाणी, काही माश्या, डोळ्यांना न दिसणारा एक जंतू माणसाच्या अंगात सोडतात. काळा आजार त्याच घराण्यातला, तो आत पोटात शिरतो. त्याचा एक भाऊ मात्र कातडीवरच राहतो. चेहऱ्यावर नाही तर हातावर एक पुळी उठते, ती फुटते, खड्डा पडतो, दुखत नाही आणि महिनोन्‌महिने भरत नाही. आमच्या पुस्तकांत हा आजार राजस्थानच्या कोरड्या भागातला म्हणून दिलेला असायचा. अलीकडे तो नव्या नव्या जागी दिसू लागला होता. म्हणून आमच्या मार्गदर्शक मॅडमना पाहायचं होतं, की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात वाळूमाश्या कोणत्या आहेत आणि कुठं राहतात. मी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रबंधाला विषय हवा होता. माणसांशी फार बोलावं लागणार नाही असं वाटलं, म्हणून मी हा घेतला.

मानपाड्याच्या पुढे, कारखान्यांच्या पाठीमागे, एक जुनं आगरी गावठाण आहे. चारी बाजूंना टॉवर, मध्ये वीसेक घरं, एक देऊळ आणि तेव्हा तीन गोठे. वरच्या मजल्यांवरून ते गाव विहिरीच्या तळाशी असल्यासारखं दिसत असणार. टॉवरमधल्या लोकांना गावातलं म्हशीचं दूध हवं असायचं आणि शेणाचा वास नको असायचा. तीनपैकी एक गोठा हिराबायचा. चार म्हशी आणि पाठीमागे मातीची लांबलचक भिंत. पावसाळ्यानं तिला जागोजागी भेगा पडल्या होत्या. ती भिंत पाहून मॅडमचा चेहरा उजळला होता. मी वहीत इंग्रजीत लिहिलं होतं: मातीची भिंत, भेगा भरपूर, गुड साइट.

हिराबाय पन्नाशीची. नवरा कारखान्यात असताना गेलेला, एक मुलगी दर्शना, कॉल सेंटरला. गावात हिराबायला मान होता तो म्हशींमुळे नाही. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला जी बाई धवले गाते, जिच्या गाण्याशिवाय पूर्वी लग्न लागलं असं कुणी मानत नसे, ती धवलारीण. नवरीच्या अगदी जवळ बसायचं, तिच्या चेहऱ्याकडे बघत गायचं, पहिली हळद आपल्या हातानं लावायची. तिची आजी धवलारीण होती, मग मावशी, मग ती. आता बहुतेक घरांत हळदीला डीजे असतो, पण आधी अर्धा तास हिराबाय, मग डीजे, असं त्या गावानं ठरवून टाकलं होतं.

माझं काम असं होतं. पांढऱ्या कागदाला दोन्ही बाजूंनी एरंडेल तेल चोपडायचं, त्याच्या गुंडाळ्या करायच्या आणि संध्याकाळी त्या भिंतीच्या फटींत सरकवायच्या. सकाळी काढायच्या. फटीतून बाहेर पडणाऱ्या माश्या तेलाला चिकटलेल्या असायच्या. शिवाय दिवेलागणीला एक काचेची नळी आणि टॉर्च घेऊन भिंतीपाशी उकिडवं बसायचं. नळीला रबराची नळी जोडलेली, मध्ये जाळी. माशी दिसली की तोंडानं ओढून तिला काचेत घ्यायची. पहिल्या संध्याकाळी हिराबाय दूध काढता काढता माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बाय, घरी जेवाया देत नय का तुला? चिलटं गिलतंस ती?"

मला हसू आलं. जाळीबद्दल सांगायला हवं होतं. मी नुसती मान हलवली. त्यानंतर ती दर्शनाला हाक मारून माझ्यासाठी रोज कपभर दूध गरम करायला सांगायची. पोरगी चिलटांवर जगते, असं तिनं शेजारी सांगितल्याचं मला नंतर कळलं.

मी इंग्रजी शाळेतली. घरी मराठी, पण ती आई-बाबांपुरती. अनोळखी माणसाशी मराठीत बोलायचं म्हणजे मला आधी मनात वाक्य जुळवावं लागायचं, मग ते तपासायचं, आणि तोवर समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. इंग्रजीत मी काही फार बोलकी होते असंही नाही. आई म्हणायची, तू सगळं पोटात ठेवतेस आणि मग पोट दुखतं म्हणतेस. गोठ्यात मात्र मला बरं वाटायचं. तिथं न बोलता बसता यायचं. म्हशींचं रवंथ, चरवीत पडणाऱ्या धारांचा आधी टणटण आणि मग फेसात बुडालेला आवाज, टॉवरच्या खिडक्यांमध्ये एकेक करून लागणारे दिवे, देवळातली घंटा. हिराबाय डोकं म्हशीच्या पोटाला टेकवून दूध काढायची. उजवा गाल म्हशीच्या अंगाला चिकटलेला, डोळे अर्धवट मिटलेले, डावा गाल भिंतीकडे. मी भिंतीपाशी बसायचे, म्हणून मला तो डावा गालच दिसायचा. त्यावर कानाजवळ एक तीळ होता.

घटस्थापनेच्या चार दिवस आधीची गोष्ट. मी सकाळी कागद काढायला गेले, तर हिराबाय घमेल्यात माती, शेण आणि भाताचा तूस कालवून बसली होती. साडीचा काचा मारलेला, हात कोपरापर्यंत भरलेले. ती भिंतीच्या फटी भरत होती. मातीचा गोळा फटीत घालायचा, अंगठ्यानं आत दाबायचा, मग तळव्यानं सारखं करायचं. प्रत्येक फटीवर तिच्या अंगठ्याचा खड्डा उमटायचा आणि तळवा फिरला की बुजायचा. असं करताना ती गुणगुणत होती. शब्द कळत नव्हते, चाल धवल्याची, एकच, पुन्हा पुन्हा तिथंच येणारी. घट बसायच्या आत घर आणि गोठा लिंपून घ्यायचा, हा तिच्याकडचा दरवर्षीचा रिवाज. दोन फटी भरून झाल्या होत्या. त्यातल्या एकीत माझा कागद होता.

मॅडमनी हंगामाच्या सुरुवातीलाच बजावलं होतं की जागा आहे तशी राहिली पाहिजे. मध्येच भिंत बदलली तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करता येणार नाही, सगळी मेहनत वाया. आणखीही एक बजावलं होतं. लोकांना उगाच घाबरवू नका. इथं तो आजार आहे असं आपल्याला माहीत नाही, आपण फक्त माश्या मोजतोय. दोन्ही सूचना आपापल्या जागी बरोबर होत्या. त्या दोन एकत्र आल्या की काय होतं, हे त्या सकाळी माझ्या लक्षात आलं नाही. किंवा आलं, आणि मी ते वाक्य जुळवायला वेळ घेतला.

"काकू, यंदा भिंत लिंपली नाही तर चालेल का? दिवाळीपर्यंत?"

गुणगुणणं थांबलं. तिनं मागं वळून बघितलं. भिंत उघडी ठेवून घट बसवायचे का, असं तिनं विचारलं. रागानं नाही, खरंच कळावं म्हणून. मी म्हटलं की माझा अभ्यास आहे, कीटकांचा, फटी बुजल्या तर तो अर्धा राहील. तिनं विचारलं, कसला अभ्यास, काय असतं त्या फटीत? मी म्हटलं, छोट्या माश्या. चावतात का? मी म्हटलं, थोड्या.

थोड्या. हा माझा शब्द. मी तो पुष्कळदा आठवून पाहिला आहे.

तिनं हातांची माती घमेल्यात निपटून काढली. मग म्हणाली, "बरं. तू सांगतंस म्हंजी कायतरी असल." घमेल्यातली माती तिनं चुलीपुढची जमीन सारवायला वापरली, वाया जाऊ दिली नाही. घट तिनं घरात बसवले आणि गोठ्याच्या भिंतीकडे बघून देवीला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मला इतकंच माहीत आहे की त्या नवरात्रात माझे कागद रोज भरून निघाले. वारा पडलेला, हवा दमट, फटी उघड्या. मी मॅडमना आकडे पाठवले आणि त्यांनी उत्तरात अंगठा पाठवला. मला वाटलं, आपल्याला माणसांशी बोलता येतं की.

दिवाळीच्या आधी माझं काम संपलं. शेवटच्या दिवशी हिराबायनं मला स्टीलच्या डब्यात खरवस दिला. नुकतीच एक म्हैस व्यायली होती. तो डबा आमच्या घरी राहिला. रिकामा डबा परत देऊ नये, असं आई म्हणाली. त्यात काय घालावं हे ठरवण्यात माझा डिसेंबर गेला. जानेवारीत आईनं तिळाचे लाडू केले ते घातले, पण सबमिशन होतं. फेब्रुवारीत आई म्हणाली की आता तो डबा त्यांना लागत असेल, लाजायचं किती याला काही हद्द आहे. मग गेले.

हिराबाय अंगणात बसली होती. माझा आवाज ऐकून तिनं मान वळवली, आणि डाव्या गालावर, तिळाच्या थोडं खाली, मला तो फोड दिसला. बोराएवढा. गोल. कडा उचललेल्या, मध्ये खड्डा, वर खपली. मी तो फोटोंमध्ये इतक्यांदा पाहिला होता की काही क्षण वाटलं, मी पुस्तकच बघते आहे.

ती म्हणाली, पुळी आहे, नाताळाच्या आधीपासून, दुखत नाही काही. गावातल्या डॉक्टरनं मलम दिलं होतं, मग दुसरं मलम, मग गोळ्या. शेजारणीनं हळद लावायला सांगितलं होतं, ती लावत होती. मग स्वतःच हसून म्हणाली की दुसऱ्यांना हळद लावायचं काम माझं, आणि यंदा मलाच लागते आहे. मी डबा तिच्या हातात दिला. लाडू कसे झालेत ते आईनं विचारलंय, असं म्हटलं. भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं. दिवाळी होऊन गेली तरी ती तशीच होती. नवरात्र चुकलं ते चुकलं, आता पुढच्या वर्षी, असं तिनं ठरवलं होतं.

मी अर्धा तास बसले आणि तिला काहीही सांगितलं नाही.

घरी येऊन मी मॅडमना लांबलचक मेल लिहिला. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आपण डॉक्टर नाही, निदान आपण करायचं नाही, त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा. हेही बरोबरच होतं. त्याच संध्याकाळी फोन करायला हवा होता. दर्शनाचा नंबर माझ्याकडे होता. मी मेसेज लिहायला घ्यायचे आणि पुसायचे. 'काकूंना स्किनच्या डॉक्टरांना दाखव' एवढं लिहिलं तर ती विचारेल, का? का, याचं उत्तर दिलं तर ती विचारेल, तुला आधी माहीत होतं? आणि मग भिंत येईल. प्रबंधाची तारीख जवळ होती, हे मी स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण असं की तो फोड दुसरं काहीतरी निघावा, आपोआप भरावा, आणि मला कधीच काही बोलावं लागू नये, अशी मी वाट बघत होते. तो आजार पुष्कळदा आपोआप बराही होतो, असं मी वाचलं होतं. त्याच वाक्याच्या पुढं लिहिलं होतं की व्रण मात्र राहतो.

असे चार आठवडे गेले. त्या चार आठवड्यांत हिराबायच्या सख्ख्या दिराच्या मुलीचं लग्न झालं.

ते मला दर्शनानं नंतर सांगितलं. कुणी वाईट बोललं नाही. गालावर बरं न होणारं काहीतरी आहे, ते दुखत नाही, आणि न दुखणारी जखम म्हटली की लोकांच्या मनात एकच जुना आजार येतो. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. जाऊ घरी येऊन म्हणाली, ताई, यंदा तुम्ही आराम करा, नवरीच्या जवळ बसायचं असतं, कुणी काही बोललं तर तुम्हालाच वाईट वाटेल. हळदीला थेट डीजे लावला. अंगण शेजारचं, भिंतीला भिंत लागून. जिला हिराबायनं पाळण्यात असल्यापासून पाहिलं होतं, तिला हळद दुसऱ्याच कुणीतरी लावली. दर्शना मला म्हणाली, "आई त्या संध्याकाळी दूध काढायला बसली ती दोन तास उठलीच नाही. चार म्हशींना दोन तास लागत नाहीत."

ते ऐकल्यावर मग मी बोलले, काकूंना स्किनच्या डॉक्टरांना दाखवू या म्हणून. निदान तेवढं. सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात आम्ही तिघी गेलो. बाकावर तासन्‌तास बसलो, हिराबाय पदरानं गाल झाकून. डॉक्टर माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी फोडाकडे पाहिलं, मग भिंग घेऊन पाहिलं, मग विचारलं की राजस्थान किंवा बिहारकडे कधी जाणं झालंय का. हिराबाय म्हणाली की ती भिवंडीच्या पलीकडे कधी गेलेली नाही, आणि भिवंडीलाही म्हशीच्या कामानं. डॉक्टर हसल्या. तेव्हा मी तोंड उघडलं. मी वाळूमाश्यांबद्दल बोलले. पटपट, अर्धं इंग्रजीत, मान खाली घालून. डॉक्टर लिहिणं थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांनी फोडाच्या कडेचा खरवडून नमुना घेतला आणि आठवड्यानं बोलावलं.

निदान तेच निघालं. डॉक्टरांनी हिराबायला चांगलं समजावलं. हा महारोग नाही, एकाचा दुसऱ्याला शिवून होत नाही, इंजेक्शनं घेतली की बरं होईल. कशानं झालं, असं तिनं विचारलं. एक बारीक माशी असते, डॉक्टर म्हणाल्या, गुरांच्या गोठ्यात, मातीच्या भिंतीच्या फटींत राहते, संध्याकाळी बाहेर येऊन चावते. म्हणून फटी बुजवून घ्यायच्या, भिंती लिंपून घ्यायच्या.

हिराबायनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग डॉक्टरांना म्हणाली, बरं, घेऊ लिंपून.

त्या नजरेत राग असता तर मला घरी घेऊन जायला काहीतरी मिळालं असतं. नुसतं बघितलं तिनं. आपण कुठे काय ठेवलं होतं हे आठवल्यावर माणूस जसं बघतो तसं. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, उसाचा रस घेशील का. मी घेतला.

इंजेक्शनं फोडाच्या कडेकडेनं देतात. गालावर. मी दोनदा बरोबर गेले. ती माझा हात धरायची, दर्शनाचा नाही, आणि मला ते सहन व्हायचं नाही. मे महिन्यापर्यंत जखम भरली. राहिला तो एक खोलगट, पांढुरका व्रण, ओल्या मातीत कुणीतरी अंगठा दाबून तळवा फिरवायचा विसरावा तसा. तोवर लग्नाचा हंगाम संपला होता. पुढच्या हंगामात लोकांना कारण उरलं नव्हतं, पण सवय लागली होती. थेट डीजे लावायची. दोन घरांनी बोलावलं, म्हाताऱ्या माणसांच्या आग्रहापायी. बाकीच्यांना ते अर्ध्या तासाचं आठवलंही नाही.

माझ्या प्रबंधाला चांगले गुण मिळाले. त्या भिंतीतून पकडलेल्या एकाही माशीत जंतू सापडला नाही, असं त्यात लिहिलं आहे, आणि ते खरं आहे. मी फटी उघड्या ठेवायला सांगितल्या म्हणून तिला तो आजार झाला का? शास्त्र म्हणून विचाराल तर सांगता येत नाही. कदाचित माशी आधीच चावली असेल, ऑगस्टमध्ये. कदाचित शेजारच्या गोठ्यातून आली असेल. माशी फार लांब उडत नाही, पण तेवढं उडते. हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. आभाराच्या पानावर मी 'स्थानिक रहिवासी' असं लिहिलं. नाव लिहायला परवानगी लागते, आणि ती मागायला जायचं धाडस माझ्यात नव्हतं.

आता मी कीटकांच्या सर्वेक्षणाचंच काम करते. डास, वाळूमाश्या, जे हंगामाला असेल ते. घराच्या उंबऱ्यावर उभी राहते आणि पहिलं वाक्य हे म्हणते: मी शोधते आहे ती माशी चावते, तिच्यामुळे आजार होऊ शकतो, तुम्ही फटी बुजवणार असाल तर आधी बुजवा, मी दुसरं घर बघते. कधी कधी यामुळे चांगली जागा हातची जाते. बरोबरचे लोक हसतात, म्हणतात, तू दुकान उघडण्याआधीच शटर पाडतेस. मी इतकी बोलते हे आईला अजूनही खरं वाटत नाही.

पण हे मी परक्या दारांत बोलते. ज्या दारात बोलायचं होतं तिथं तीन वर्षांत बोलले नव्हते. दिवाळीला मेसेज पाठवायचे, संक्रांतीला लाडू दर्शनाकडे स्टेशनवर द्यायचे. गोठ्यात जाणं टाळायचे.

परवा बांबू दिसले. काल रविवार होता. गेले.

चारपैकी दोनच म्हशी उरल्या आहेत. बाकीचे दोन गोठे गेले, तिथं पार्किंग आहे. हा गोठाही पुढच्या वर्षी राहील की नाही सांगता येत नाही, कुणीतरी बोलणी करतंय. पण भिंत होती, आणि हिराबाय घमेलं घेऊन भिंतीपुढे बसली होती. काचा मारलेला, हात कोपरापर्यंत भरलेले. मला बघून म्हणाली, "आलीस? चिलटं संपली आता." मी तिच्या शेजारी उकिडवी बसले. वाक्य जुळवायचं नाही असं ठरवून गेले होते, म्हणून ते तुटक तुटक बाहेर पडलं. त्या वर्षी मी तुम्हाला थांबवलं नसतं तर कदाचित हे झालं नसतं. मला माहीत होतं त्या माश्यांनी काय होऊ शकतं. मी सांगितलं नाही.

तिनं हातातला गोळा फटीत घातला. अंगठ्यानं दाबला. तळवा फिरवला. मग म्हणाली, "मना ठाव हाय. त्या डाक्तरनीनं सांगितलं तवाच कललं."

ती पुढची फट भरायला लागली. मला वाटलं बोलणं संपलं. पण मग, भिंतीकडेच तोंड करून, तिनं सांगितलं.

"तू सांगितलं असतंस तरी मी भिंत नसती लिंपली. तुझा अभ्यास व्हता. पोरगी येवढी येते, चिलटं गिलते. मी थांबलीच असती." तिनं दुसरा गोळा उचलला. "पन मंग दूध काढताना पदर घेतला असता तोंडावर."

एवढंच. एवढंच लागणार होतं. तीन वर्षं मी त्या भिंतीचा विचार करत होते, त्या फटींचा, माझ्या आकड्यांचा. पदराचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

तिनं घमेलं माझ्याकडे सरकवलं आणि खालच्या कोपऱ्यातली फट दाखवली, जिथं तिला आता वाकवत नाही. नीट आत दाब म्हणाली, नाहीतर सुकल्यावर पुन्हा उघडते. मी हात घातले. माती गार होती, तूस बोटांना टोचत होता. आम्ही दुपारपर्यंत ती अख्खी भिंत लिंपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधूनमधून ती म्हशींशी बोलत होती, दर्शनाच्या नव्या नोकरीबद्दल मला सांगत होती, तूस कमी पडला म्हणून शेजारून मागवत होती.

मी सारखी कान देऊन होते. ती गुणगुणली नाही.